चांदण्यावर पारखायचं यंत्र

संपादकांनी ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेवर लिहायला सांगितलं होतं. १९८८ची स्थापना, पहिले संचालक जयंत नारळीकर, चार्ल्स कोरियांची वास्तू, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. मला धरून ठेवलं ते तिथल्या एका यंत्राने, ‘वॉलॉप’ने. ताऱ्यांच्या प्रकाशावरून आकाशगंगेतल्या धुळीचा नकाशा काढायचा, हे त्याचं काम.

ही धूळ म्हणजे वाळूच्या आणि काजळीच्या जातीचे अतिसूक्ष्म, लांबट कण. आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात ते एका शिस्तीत उभे राहतात. त्यांच्यातून आलेल्या प्रकाशाची कंपनं एका दिशेला किंचित जास्त उरतात. हेच ध्रुवीकरण, हिल्टनर आणि हॉल यांनी ते १९४९ साली ताऱ्यांच्या प्रकाशात दाखवलं. ढगाच्या अलीकडच्या ताऱ्यावर त्या ढगाची खूण नसते, पलीकडच्यावर असते. ‘गाया’ यानाने ताऱ्यांची अंतरं मोजलेली आहेत. ती जुळवली की ढग किती लांब, ते कळतं.

हा खटाटोप कशासाठी, ते २०१४ साली जगाला कळलं. दक्षिण ध्रुवावरच्या ‘बायसेप-२’ या दुर्बिणीने विश्वातल्या सर्वांत जुन्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणात आरंभीच्या गुरुत्वलहरींची खूण सापडल्याचं जाहीर केलं. वर्षभरात दिसून आलं, की त्या संकेताचा मोठा वाटा आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा होता. तो वजा करायचा, तर आधी धुळीचा नकाशा हवा.

यंत्राच्या पोटात कॅल्साइटचे लोलक आहेत. कॅल्साइट आपल्या दख्खनच्या खडकातही सापडतो. अजिंठा-वेरूळला स्फटिक विकणाऱ्यांकडून एक पारदर्शक तुकडा घ्या आणि वर्तमानपत्रावर ठेवा. प्रत्येक अक्षराची दोन अक्षरं होतात. तुकडा फिरवला की एक अक्षर दुसऱ्याभोवती फिरतं. वर पोलरॉइड चष्म्याची काच धरून वळवली की आधी एक मावळतं, मग दुसरं. मी हे कितीतरी वेळ करत बसलो. ‘वॉलॉप’ हेच करतं : एका ताऱ्याच्या प्रकाशाचे एकाच वेळी चार वाटे पाडतं आणि कोणता किती उजळ, ते तोलतं. चारही एकदम टिपल्यामुळे मध्येच हवा हलली तरी तोल बिघडत नाही. आयुकाचे ए. एन. रामप्रकाश यांच्या गटाने आधी ‘रोबोपोल’ बनवलं. ते २०१३पासून क्रीट बेटावरच्या स्किनाकास वेधशाळेत आहे. ‘वॉलॉप’ची जोडी तिथल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सदरलंडच्या दुर्बिणींसाठी आहे.

खरी परीक्षा पुढेच आहे. फरक मोजायचा तो हजारात एक, आणि तोही आकाशाच्या पौर्णिमेच्या चंद्राएवढ्या पट्ट्यात सगळीकडे सारख्याच अचूकपणे. भिंगाला त्याच्या चौकटीने जरा दाबलं, तर काच स्वतःच प्रकाशाच्या कंपनांची दिशा बिघडवते. कॅल्साइट तापला की एका दिशेला फुगतो आणि आडव्या दिशेला आकसतो. त्याला चिकटवलेल्या काचेवर ताण येतो. एकाच रेषेत दोन ढग असले आणि त्यांची चुंबकीय क्षेत्रं काटकोनात असली, तर एकाची खूण दुसरा पुसून टाकू शकतो. आणि यंत्र पारखायचं कशावर? ध्रुवीकरण पक्कं ठाऊक असलेले तारे मोजके, आणि एक तारा पट्ट्याचा एकच ठिपका तपासतो.

त्यावर या गटाने काढलेला मार्ग मला फार आवडला. चांदणं म्हणजे धूसर वस्तू पाहणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांचा शत्रू. पण चंद्रापासून सुमारे नव्वद अंशांवरचं चांदण्याने उजळलेलं आकाश बरंच ध्रुवीकृत असतं, आणि एवढ्या पट्ट्यात जवळजवळ एकसारखं. यंत्राचा कोपरान् कोपरा त्यावर एकदम पारखता येतो. ते काम पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री करायचं असतं.