नवरीचा रंग नको, उजेड बदला

मी देऊळघाटहून बोलतोय, आपल्या बुलढाण्याजवळच्या, घाटावरच्या गावातून. नवरीच्या फोटोसाठी लाईट कसा लावायचा, हा भाग बऱ्याच जणांनी लिहून मागितला होता. म्हणून जसा बोललो तसाच इथे देतोय, थोडा नीटनेटका करून.

आधी माझीच एक चूक सांगतो. धंद्यात नवा होतो. भर दुपारचं लग्न, मांडवाला लाल-गुलाबी कापड, आणि माझा फ्लॅश कॅमेऱ्यावर, सरळ नवरीच्या तोंडावर. पोरगी सावळी, नाकीडोळी छान. अल्बम करताना मी तिला कॉम्प्युटरवर 'उजळ' केलं, कारण गिऱ्हाईक त्यानेच खूश होतं असं ऐकलेलं. अल्बम उघडला आणि तिची आजी म्हणाली, "भाऊ, हे पोरगी कोन हाय?" सगळे हसले. नवरी हसली नाही. तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये तीच नव्हती. तेव्हापासून एक नियम पाळतो: रंगाला हात लावायचा नाही, उजेड बदलायचा.

कोणत्या बाजूने?

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लहान असतो आणि समोरून येतो. त्यामुळे चेहरा ताटासारखा सपाट दिसतो, घाम चकाकतो. त्यापेक्षा घरातलं सावलीकडचं दार किंवा खिडकी शोधा. नवरीला उंबऱ्यापासून दोन-तीन फूट आत बसवा; अंगावर ऊन यायला नको, नुसता उजेड यायला हवा. घरातले बल्ब-ट्यूब बंद करा. मग तिला चेहरा हळूहळू वळवायला सांगा. पलीकडच्या गालावर, डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण दिसला की थांबा. या प्रकाशाला डच चित्रकार रेम्ब्राँचं नाव आहे. सावली फार काळी वाटली तर त्या बाजूला कुणाला तरी पांढरी चादर किंवा थर्माकोल धरून उभं करा.

आपल्याकडची एक खास गोष्ट: नथ डाव्या नाकपुडीत असते. उजेड नवरीच्या डाव्या बाजूने आला तर नथीचे मोती खुलतात. उजवीकडून आला तर नथ नेमकी सावलीत जाते. आणि लाईट फार उंच ठेवला तर मुंडावळ्यांची सावली गालावर पडते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. तेव्हा लाईट डोळ्यांपेक्षा जरासाच वर ठेवा.

मांडवाचं कापड

दुपारी रंगीत कापडातून ऊन गाळून येतं आणि चेहरा लालसर होतो. बरेच जण म्हणतात, व्हाइट बॅलन्सने सुधारू. पण वरून लाल उजेड आणि उघड्या बाजूने साधा, असा दोन्हीकडून येत असेल तर एक गाल सुधारला की दुसरा बिघडतो. गडद रंगाच्या भिंतीचंही तेच. हिरव्या भिंतीला टेकवलेली नवरी हिरवट दिसते. उपाय एकच, मंगलाष्टकांआधी दहा मिनिटं मागून घ्या आणि तिला तिथून बाहेर काढा. ही दहा मिनिटं नवरीच्या मामांशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा, ऐन वेळी कुणी देत नाही.

किती लांब?

लाईट लावायचाच असेल तर छत्रीत लावा आणि जवळ आणा. उजेडाचा उगम चेहऱ्याच्या मानाने जेवढा मोठा, तेवढी सावली मऊ. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. तीन फुटांवर जेवढा पडतो, त्याचा फक्त चौथा हिस्सा सहा फुटांवर पोचतो. याचा फायदा बघा: लाईट नवरीजवळ ठेवला की मागचं कपाट, कॅलेंडर, गॅसची टाकी आपोआप अंधारात जातात. खोली आवरायची गरज नाही. मात्र टिनाच्या छपरावर फ्लॅश आपटवू नका. पांढऱ्या स्लॅबवरून उजेड मऊ होऊन येतो, टिनावरून कसाही उसळतो.

सावळी कांती

आता मुद्द्याचं. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतं. गडद शालू आणि काळोखी खोली दिसली की ते फोटो जास्त उजळ करतं. जर उडते, कांती फिकी पडते. पांढऱ्या कपड्यातला नवरदेव शेजारी आला की उलटं होतं. म्हणून स्पॉट मीटर गालावर धरा. कांती गडद असेल तर मीटर सांगेल त्यापेक्षा अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवा. गोऱ्या चेहऱ्याला आकार देते सावली. सावळ्या चेहऱ्याला आकार देते गालाच्या हाडावरची, कपाळावरची चमक. ती चमक बाजूच्या मऊ उजेडाने येते, पावडरने नाही.

पटत नसेल तर सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं 'ग्लो ऑफ होप' बघा. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. जलरंगातलं. हातात दिवा घेतलेली साडीतली बाई. समोर बसलेली होती त्यांचीच मुलगी गीता. उजेडाला कारण एकच, तो दिवा. ज्योतीपुढे तिने तळहात धरलाय, त्यामुळे ज्योत आपल्या डोळ्यांत जात नाही आणि सगळा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडतो. लाईट कुठे ठेवायचा आणि कुठे अडवायचा, हे त्या एका हातात कळतं.

आता मी अल्बम छापायला देण्याआधी एक फोटो घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवतो. त्यांनी पोरीचं नाव घेतलं की मगच छापायला पाठवतो.

पुढच्या भागात गोरज मुहूर्ताचा उजेड घेऊ. तोवर राम राम.