डिझेल मोटारीचे गिअर आणि महामार्गावरील जमाखर्च

व्यापारी आणि रस्ता यांचे नाते जुने आहे. पेढी एका गावी, माल दुसऱ्या गावी आणि वसुली तिसऱ्या गावी, असा आपला संसार. बैलगाडीच्या काळी आपले वाडवडील बैलाची दमछाक पाहून चाल ठरवीत. आज आपण मोटारीत बसतो. परंतु इंजिनाची दमछाक ओळखण्याची ती दृष्टी मात्र आपल्यापैकी पुष्कळांनी गमावली आहे, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

आपल्या मंडळींत एक समजूत दृढ आहे. ती अशी की, गाडी लवकरात लवकर टॉप गिअरमध्ये टाकावी. इंजिन जितके हळू फिरेल तितके डिझेल कमी जळेल. ही समजूत अर्धी खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागापायी खिशास चाट बसते, आणि प्रसंगी प्राणांशी गाठ पडते. म्हणून या विषयाचा हिशेब येथे मांडावा असे आम्ही योजिले आहे.

गिअर म्हणजे काय, हे आकड्यांतच सांगणे सोपे. इंजिनाचे फेरे दोन टप्प्यांनी चाकापर्यंत पोहोचतात. पहिला टप्पा गिअरपेटीचा, दुसरा डिफरन्शियलचा. कारखान्यात ज्यास आपण क्राऊन-पिनियन म्हणतो तो. या दोहोंच्या प्रमाणांचा गुणाकार केला म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनास किती फेरे घ्यावे लागतात ते कळते.

आता दोन प्रसिद्ध गाड्या शेजारी ठेवून पाहू. डिझेल इंजिनाचे प्रवासी मोटारीत पदार्पण झाले ते १९३६ साली, मर्सिडीझ-बेंझ २६० डी या गाडीने. त्याच घराण्यातील २४० डी ही गाडी १९७६ ते १९८५ या काळात तयार होत असे. तिच्या साध्या गिअरपेटीत गिअर चार. चौथा सरळ, म्हणजे १ ला १. आणि मागील प्रमाण ३.६९. दुसरी गाडी फोक्सवॅगनची १.९ टीडीआय, १९९९ नंतर अमेरिकेत विकली गेलेली. तिचे गिअर पाच, पाचवा ०.७५६ आणि शेवटचे प्रमाण ३.३८९. गुणाकार २.५६.

ताशी १०० किलोमीटर म्हणजे मिनिटास सुमारे १,६६७ मीटर. दोन्ही गाड्यांच्या चाकाचा घेर १.९५ मीटर धरला, तर चाक मिनिटास ८५५ फेरे घेते. तेव्हा मर्सिडीझचे इंजिन फिरते ३,१५५ फेऱ्यांनी आणि फोक्सवॅगनचे सुमारे २,१९० फेऱ्यांनी. तासाभराच्या प्रवासात एकीचे १,८९,३०० फेरे होतात, तर दुसरीचे १,३१,४००. म्हणजे दर १०० किलोमीटरमागे जवळजवळ ५८,००० फेऱ्यांची बचत! प्रत्येक फेऱ्यात घर्षण आहे, आवाज आहे, झीज आहे. पाचव्या गिअरचे माहात्म्य ते हेच.

मग कोणी विचारील, हे प्रमाण आणखी खाली का आणू नये? अमेरिकेतील काही हौशी मालकांनी तसे केलेही. त्यांनी पाचव्या गिअरची चक्रे बदलून ०.७१७ ची बसविली. लाभ काय झाला? शंभराच्या वेगास फेरे २,१९० वरून सुमारे २,०८० वर आले. म्हणजे अवघे ११० फेरे कमी. मोबदल्यात चौथ्या व पाचव्या गिअरमधील दरी रुंदावली आणि चढावर पाचव्याची ओढ घटली. तोट्याचा नव्हे, परंतु बारीक विचार करून करावयाचा हा सौदा आहे.

आणि येथेच मुख्य मुद्दा येतो. वर सांगितलेल्या टीडीआय इंजिनाची ओढ सर्वाधिक असते ती १,९०० फेऱ्यांच्या सुमारास; कारण तेथे टर्बो पुरा जागा झालेला असतो. आता असे समजा की, दुपदरी रस्त्यावर आपण पाचव्यात ताशी ६० ने ट्रकच्या मागे चाललो आहोत. इंजिन फिरत आहे केवळ १,३१५ फेऱ्यांनी. तेथून ॲक्सिलरेटर दाबून ट्रक ओलांडू म्हटले, तर गाडी घुमते, धापा टाकते, पण पुढे सरकत नाही. समोरून वाहन येते आणि आपण अधांतरी! त्याच वेगास तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन २,३६५ फेऱ्यांवर असते, आणि तीच गाडी बाणासारखी सुटते. दोन गिअर उतरविण्यास दोन क्षण पुरतात. ते न उतरविल्याची किंमत मोजता येत नाही.

आपल्या समाजात रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणारे अनेक आहेत. सूर्यास्तापूर्वी घर गाठावे या ओढीने सायंकाळी गाडी दामटली जाते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. नियम श्रेष्ठ आहे. परंतु त्यासाठी पेढीवरून अर्धा तास आधी उठावे, ट्रकच्या आडून धाव घेऊ नये. स्वतःच्या व परक्याच्या जिवास जपणे हीच आपल्या धर्माची पहिली शिकवण नव्हे काय?

फार हळू इंजिनावर भार टाकण्याचे दुसरेही तोटे आहेत. धक्के क्लचला व फ्लायव्हीलला सोसावे लागतात, आणि नव्या गाड्यांत हे फ्लायव्हील दुहेरी असून बदलावयास महाग पडते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी गाळणारी जाळी आली. ती स्वच्छ राहण्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो. गावातल्या गावात उंच गिअरवर रखडणाऱ्या गाडीची जाळी तुंबते. तिला मधून मधून महामार्गाचा मोकळा प्रवास घडलाच पाहिजे.

घाट उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचविणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत. चोर्ल्याच्या किंवा तवंदीच्या घाटात असे करणे म्हणजे ब्रेकवर सारा भार टाकणे होय. शिवाय आधुनिक डिझेल इंजिन गिअरमध्ये असताना उतारावर पाय उचलला की इंधन बंदच करते. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहण्यापुरते डिझेल पीतच राहते. म्हणजे बचतीच्या नावाने खर्च, आणि वर धोका!

तेव्हा सभासद बंधूंनी एवढे करावे. एखाद्या निवांत सकाळी, सपाट व मोकळ्या रस्त्यावर, शेजारी बसलेल्याने प्रत्येक गिअरमध्ये ६० आणि ८० च्या वेगास इंजिनाचे फेरे वहीत टिपावेत. गाडीच्या पुस्तिकेत सर्वाधिक ओढ कोणत्या फेऱ्यांस आहे ते पाहून त्याखाली रेघ ओढावी. ओलांडताना व चढताना त्या रेषेच्या वर राहावे; सपाटीस निवांत चालताना थोडे खाली आले तरी चालेल. जुनी गाडी विकत घेतानाही ही वही सोबत असू द्यावी.

आणि खरी बचत हवी असेल, तर ती गिअरहून अधिक वेगात आहे. शंभराऐवजी ऐंशीने गेल्यास हवेचा विरोध शेकडा ३६ ने घटतो. कोणतेही चक्र बदलून एवढा लाभ पदरी पडत नाही. रोजमेळ जितक्या दक्षतेने लिहितो, तितकीच दक्षता गिअरच्या दांड्यावर ठेवलेल्या हातास असावी. घरी वाट पाहणाऱ्यांच्या खाती तीच खरी जमा होय.