गट घडतो कसा? (लेखांक ७) : मासे मारणारा माणूस

मागच्या आठवड्यात ब्रूस टकमनच्या चार पायऱ्या पाहिल्या: माणसं जमतात, भांडतात, रुळतात आणि मग कामाला लागतात. 1965 सालची ही मांडणी ऑफिसातल्या प्रशिक्षणवर्गांत आजही घोकून घेतली जाते. पण ती गृहीत धरते की गटाचं काम सगळ्यांचं मिळून एकच आहे. बक्षीस एकालाच मिळणार असेल तर?

2000 साली 'सर्व्हायव्हर' या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या पर्वात सोळा जणांना मलेशियातल्या पुलाउ टिगा बेटावर सोडलं होतं. 39 दिवस, दहा लाख डॉलर. टागी आणि पागाँग अशा दोन टोळ्या. हरलेल्या टोळीने मतदान करून आपल्यातलाच एक घरी पाठवायचा, आणि शेवटच्या दोघांतला विजेता बाद झालेल्यांपैकी सात जणांनी निवडायचा.

पागाँगची मंडळी तरुण, हसरी, एकमेकांत रमलेली. टकमनच्या शिडीवर ती टागीच्या वरच्या पायरीवर होती, असं कुणीही म्हणालं असतं. टागीत कुरबुरी फार. पण तिथे रिचर्ड हॅच होता. तो भाला घेऊन समुद्रात उतरायचा आणि मासे आणायचा. नुसत्या भातावर दिवस काढणाऱ्यांना मासा म्हणजे काय, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. हातात मासे असणाऱ्याला कोण बाहेर काढणार? मासे सगळ्यांना दिसत होते; त्याने रूडी, सू आणि केली यांच्याशी बांधलेली मोट कुणाला दिसत नव्हती.

दोन्ही टोळ्या एक झाल्या तेव्हा दहा जण उरले होते. पहिलंच मतदान. पागाँगच्या ग्रेचेनला रिचर्डच्या कंपूची चार मतं पडली. बाकीची सहा मतं सहा दिशांना विखुरली. दहातली चार म्हणजे बहुमत नव्हे, पण तेवढी पुरली. पागाँगवाल्यांना कंपू करणं अप्रामाणिक वाटत होतं. जो तो मनाला पटेल तसं मत देत होता. मला ही माणसं आवडतात, पण त्यांचा एकोपा चुलीभोवतीचा होता, मतपेटीपर्यंत तो पोचलाच नाही. टागीतला डॉक्टर शॉन तर इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने मतं द्यायला लागला. आपण कुणाच्याच बाजूचे नाही, हे दाखवायची त्याची ही युक्ती. झालं एवढंच, की त्याचं पुढचं मत कुणाला हे कंपूला आधीच कळू लागलं.

खरा डाव शेवटच्या तिघांत दिसला. रिचर्ड, केली आणि सत्तरी ओलांडलेला माजी नौसैनिक रूडी. एका खांबावरच्या मूर्तीला हात लावून उभं राहायचं. ज्याचा हात शेवटपर्यंत टिकेल त्याला अभय, आणि शेवटच्या दोघांत आपल्यासोबत कोण हे ठरवायचा अधिकार. काही तासांनी रिचर्डने हात आपणहून काढून घेतला.

आळस नव्हता तो. रूडी जिंकला तर दिलेल्या शब्दाला जागून रिचर्डलाच सोबत नेणार. केली जिंकली तर लोकप्रिय रूडीशेजारी बसायची हिंमत ती करणार नाही, म्हणजे पुन्हा रिचर्डच. स्वतः जिंकला असता तर मात्र रूडीला काढून त्याचा रोष घ्यावा लागला असता, किंवा सोबत नेऊन बहुधा हरावं लागलं असतं. हरण्यातच फायदा होता. उभं राहण्याची ढब बदलताना रूडीचा हात सुटला. केली जिंकली आणि तिने रूडीला बाद केलं.

अंतिम निकाल 4 विरुद्ध 3, रिचर्डच्या बाजूने. त्या चारांतलं एक मत रूडीचं होतं.

(पुढील लेखांकात: टकमनने 1977 साली जोडलेली पाचवी पायरी, गट पांगतो तेव्हा)