तळ्याचा काठ मरळीचाही आहे

मेहरूणमध्ये राहणाऱ्याला दोन गोष्टींचा अभिमान असतो. हिवाळ्यात बोरांचा आणि बाराही महिने तळ्याचा. मेहरूणचं बोर तर इतकं नावाजलेलं की बोराच्या एका जातीलाच आमच्या गावाचं नाव मिळालं. तळ्याची थोरवीही जुनीच. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की जळगाव शहराला तिथून सुमारे दोन मैलांवरच्या मेहरूण तळ्यातून नळाने पाणी जात असे. आज ते दोन मैल उरले नाहीत. शहर वाढत वाढत तळ्यापर्यंत आलं. पाणी आता वाघूर धरणातून येतं आणि तळ्यावर लोक फिरायला येतात.

मी लहान असताना अब्बा सुट्टीच्या दिवशी मला तळ्यावर न्यायचे. फजरची नमाज झाली की आम्ही निघायचो. बांबूची काडी, कणकेचा गोळा, डब्यात थोडी गांडुळं आणि पाण्यावर तरंगायला मोरपिसाची काडी, एवढंच सामान. त्या वेळी पाण्यावर होडी म्हणजे मासेमाऱ्याचा तराफा. एखादा माणूस त्यावर बसून रात्री लावलेलं जाळं गोळा करत असायचा. बाकी आवाज पाणकावळ्यांचा आणि टिबुकल्यांचा.

एकदा आषाढात काठाजवळच्या पाणगवतात मला लालसर ठिपक्यांचा एक पुंजका हलताना दिसला. शेकडो बारीक पिल्लं गोळा होऊन वर यायची, तोंड उघडायची आणि खाली जायची. मी म्हणाले, “अब्बा, इथे टाका ना गळ!” अब्बांनी उलट काडी उचलून घेतली. म्हणाले, “बेटी, ही मरळीची पिल्लं आहेत. त्यांच्याखाली मायबाप पहारा देत असतात. आता गळ टाकला तर लगेच धरतील. पण भूक लागली म्हणून नाही, लेकरं वाचवायची म्हणून.” त्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने घरी आलो. अम्मीने वरणावर भागवलं.

मरळ तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. बाजारात पाण्याच्या टबात जिवंत विकतात तीच. लांब, सापासारखं डोकं, अंगावर पट्टे. काटे कमी, म्हणून घरात लहान मुलांना देता येते. आमच्या नानी बाळंतिणीसाठी मुद्दाम मरळीचं सालन करायच्या. भावही तिलाच जास्त. शेजारच्या तेलंगणाने तर मरळीला आपला राज्यमासा ठरवलं आहे.

हा मासा इतरांपेक्षा वेगळा कसा, हे मी वर्गात मुलांना सांगते. रोहू, कटला, मृगल हे मासे मुळात नदीचे. पावसाळ्यात नदीला पूर आला की ते वाहत्या पाण्यात अंडी सोडतात. साठलेल्या तळ्यात ते वाढतात, पण एरवी अंडी घालत नाहीत. म्हणून दरवर्षी तळ्यात बीज सोडावं लागतं. हे बीज पूर्वी नदीतून धरून आणत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या माशांची अंडी मिळवण्यात यश मिळवलं आणि देशभरातल्या तळ्यांचं नशीब बदललं. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात.

अमेरिकेतही असाच एक मासा आहे, पट्टेरी बास. समुद्रात राहणारा, अंड्यांसाठी नदीत येणारा. त्याची अंडी वाहत्या पाण्यातच तरंगत राहतात, तळाशी बसली तर गुदमरतात. १९४१ च्या सुमारास साउथ कॅरोलिना राज्यात सँटी आणि कूपर नद्यांवर धरणं झाली, त्यात हे मासे अडकले आणि वरच्या नद्यांमुळे तिथेच वाढू लागले. मग इतर सरोवरांतही हा मासा सोडण्यात आला. जिथे नदी नाही तिथे बीज सोडतच राहावं लागतं. आपल्या रोहूसारखंच.

मरळीचं तसं नाही. तिला नदी लागत नाही, बाहेरून आणलेलं बीजही लागत नाही. तिला फक्त काठ लागतो. पावसाळ्यात उथळ पाण्यात, गवतात ती थोडी जागा साफ करते. तिथे अंडी पाण्यावर तरंगतात, एक-दोन दिवसांत पिल्लं निघतात आणि ती मोठी होईपर्यंत नर-मादी राखण करतात. मरळ हवेतही श्वास घेते, म्हणून तिला आणि तिच्या पिल्लांना सारखं वर यावं लागतं. म्हणजे तिचा सगळा संसार काठाच्या चार हात गवतात आणि पाण्याच्या वरच्या थरात.

आणि आपण तळं सुंदर करायला निघतो तेव्हा पहिला हात पडतो तो याच जागेवर. गवत घाण दिसतं म्हणून काढायचं. काठ दगड-सिमेंटने बांधायचा. मग होड्या. पायडलच्या होड्या नवशिक्यांच्या हातात असतात. खोल पाण्याची भीती वाटते, म्हणून त्या काठाकाठानेच फिरतात. मोटारीची बोट आली तर तिची लाट काठावर आपटते, माती उठते, पाणी गढूळ होतं. तरंगणारी अंडी अशा लाटेत कुठे टिकणार?

माझ्या वर्गात आठवीत एक मुलगा होता. पहिल्या तासाला हमखास डुलक्या. मी रागावले तेव्हा खाली मान घालून म्हणाला, “टीचर, अब्बूंबरोबर जाळं काढायला जातो.” घरी गेले. वडील सांगू लागले, “मॅडम, संध्याकाळी जाळं लावायचं, सकाळी आरामात काढायचं, अशी सवय होती. एका सुट्टीच्या दिवशी होडीचं पायडल जाळ्याच्या दोरीत अडकलं. होडीत बायका-मुलं होती, ती घाबरली. जाळं मीच कापलं, काय करणार? आता अंधारातच काढतो. बॅटरी धरायला पोरगा लागतो.” त्या माणसाच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जाळ्याचे पैसे गेले होते, आणि पोराची झोप जात होती.

होडीतल्या बायकांचं काय चुकलं? काहीच नाही. आपल्या घरातल्या बायकांना मोकळी हवा मिळण्याच्या जागा किती आहेत? सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन तळ्यावर जायचं, भेळ खायची, होडीत बसायचं, हा त्यांचा हक्कच आहे. चूक एवढीच की एकाच पाण्यावर दोघांना एकाच वेळी सोडलं आणि कुणी काही ठरवून दिलं नाही.

ठरवून न दिल्याची किंमत कधीकधी जाळ्यापेक्षा फार मोठी असते. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळेची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवली होती. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी धरणात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून ६ जणांचा जीव गेला. मी शिक्षिका आहे. हरणीची बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. त्यानंतर वर्गातल्या मुलांनी सहलीत बोटीचा हट्ट धरला, तेव्हा मी आधी विचारलं, “प्रत्येकाच्या अंगात मापाचं जाकीट आहे का?” नव्हतं. आम्ही काठावर बसून डबे खाल्ले. मुलं रुसली. रुसू देत.

मोठ्या सरोवरांवर लोकांनी हे प्रश्न सोडवले आहेत. अमेरिकेत धक्क्याजवळ आणि काठाजवळ फलक असतात : इथे बोट इतकी सावकाश चालवा की मागे लाट उठणार नाही. साधा नियम, पण त्यात मासा, पोहणारा आणि छोटी होडी तिघंही सुरक्षित राहतात.

आपल्या तळ्यासाठीही फार मोठी योजना नको. सकाळचे पहिले दोन-तीन तास मासेमाऱ्यांचे आणि पक्ष्यांचे, होड्या त्यानंतर. तळ्याची एक बाजू गवताची राहू द्यावी. तिथे पाण्यात रंगीत डबे बांधून हद्द दाखवावी आणि होडीने ती ओलांडू नये. पावसाळ्यात, मरळीच्या दिवसांत, त्या बाजूला कुणीच जाऊ नये. जाकिटाशिवाय कुणाला होडीत बसवू नये. मूल रडलं तरी नाही आणि ओळखीचा माणूस असला तरी नाही.

हे सगळं महापालिकेने करायचं, असं म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. काही गोष्टी आपल्या हातात आहेत. पिल्लांच्या पुंजक्यात गळ टाकून मायबाप मरळ ओढणारे आपल्यातही आहेत. सोपी शिकार असते ती. पण मायबाप गेले की ती शेकडो पिल्लं दुसऱ्या माशांच्या आणि पक्ष्यांच्या पोटात जातात. एका सालनासाठी पुढच्या वर्षीचं तळं रिकामं होतं. मासा आपल्याला हलाल आहे, त्याला जबह करावं लागत नाही. म्हणून तो कसाही आणि कधीही मारावा असं नाही. घरातल्या बायकांनीही बाजारात बोटभर लांबीच्या मरळी दिसल्या तर घेऊ नयेत. गिऱ्हाईक नसेल तर विकणारा आणणार नाही. आणि गळाची तुटलेली नायलॉनची दोरी काठावर टाकू नये. पाणपक्ष्यांच्या पायात ती अडकते.

तो मुलगा आता दहावी झाला. वडिलांनी वेळ बदलली नाही, पण बॅटरी डोक्याला बांधायची घेतली, त्यामुळे पोरगा सुटला. मागच्या पावसाळ्यात तळ्यावर फिरताना तो भेटला. म्हणाला, “टीचर, इकडे या,” आणि मला गवताजवळ घेऊन गेला. लालसर पुंजका वर आला, तोंडं उघडली, खाली गेला. त्याच्या हातात गळ होता. त्याने तो गुंडाळून खांद्यावर टाकला आणि आम्ही पुढे चालू लागलो.