कोंबडीचे आतडे आणि आपले औषध

रत्नागिरीच्या बाजारात आज मिळणारी कोंबडी बहुधा गावठी नसते, ब्रॉयलर असते. अंड्यातून निघताना तिचे वजन सुमारे ४० ग्रॅम असते आणि पाच-सहा आठवड्यांत ते दोन किलोंच्या आसपास जाते. एवढी वाढ पाहून ‘हिला संप्रेरके टोचत असतील’ असे आपण सहज म्हणून जातो. हा समज चुकीचा आहे. पिढ्यानपिढ्या निवडून केलेली पैदास आणि मका-सोयापेंडीचे मोजून दिलेले खाद्य, हे या वाढीचे खरे कारण. चौकशी करायचीच तर त्या खाद्यात चिमूटभर काय मिसळतात, याची करावी.

त्यासाठी प्रथम कोंबडीच्या आतड्याकडे पाहिले पाहिजे. आतड्याच्या आतील बाजूस मखमलीसारखी बारीक लव असते आणि तिच्यातून अन्नरस रक्तात जातो. या लवेवर असंख्य जंतूंची वस्ती असते. सज्जन जंतूंनी जागा अगोदर अडवली, तर उपद्रवी जंतूंना थारा मिळत नाही. गावठी पिल्लू आईमागे उकिरडा उकरते, तेव्हा ही वस्ती त्याला आपोआप मिळते. ब्रॉयलरचे पिल्लू यंत्रात उबवलेले. त्याला आई भेटतच नाही. १९७३ साली फिनलंडमधील नुर्मी व रांताला यांनी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातील जंतू नवजात पिल्लांना दिले, तेव्हा त्या पिल्लांत साल्मोनेला सहज रुजेना. आईकडून काय मिळते, ते या प्रयोगाने दाखवले.

परंतु त्यापूर्वीच धंद्याने दुसरी वाट धरली होती. १९५०च्या सुमारास अमेरिकेत ज्यूक्स व स्टोकस्टॅड यांना आढळले की, ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाचा अल्प अंश खाद्यात असला तर पिल्ले लवकर वाढतात. मग निरोगी पक्ष्यांनाही रोज थोडे थोडे औषध देण्याची प्रथा जगभर पसरली.

यात धोका कोणता? अल्प मात्रेने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि तेच वाढतात. कोलिस्टिन हे औषध आपल्या अतिदक्षता विभागात इतर उपाय थकले म्हणजे वापरतात. त्याला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, हे २०१५ साली चीनमध्ये उघड झाले. २०१९ साली भारत सरकारने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत व कोंबड्यांत कोलिस्टिनला बंदी केली. युरोपीय संघाने तर २००६पासून वाढीसाठी प्रतिजैविके देणेच बंद केले.

मग त्यांच्या जागी काय द्यावे? दह्यातल्यासारखे उपकारक जंतू. त्या जंतूंना पोसणारे, यीस्टपासून काढलेले पदार्थ. ब्युटिरिकसारखी सौम्य आम्ले. धान्यात अडकलेला फॉस्फरस मोकळा करणारे फायटेज हे विकर. ओव्यातील थायमॉलसारखी वनस्पतिद्रव्ये. यांचा उपयोग होतो, पण सर्वत्र सारखा नाही. कारण यांतले काहीही चांगल्या निगेची जागा घेऊ शकत नाही.

आमच्या कोकणात तर ही गोष्ट पहिल्याच पावसात कळते. दमट हवेत मक्याला बुरशी धरते आणि तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत बिघडवते. शेडमधली तुसाची गादी ओली झाली की रक्ती हगवणीचे परजीवी तिच्यात बळावतात, लव झिजते आणि त्या जखमांवर क्लॉस्ट्रिडियमसारखे जंतू चढाई करतात. तेव्हा कोरडी गादी, खेळती हवा, स्वच्छ पाणी आणि न बुरसलेले धान्य हेच पहिले औषध होय. आजारी पक्ष्यांवर पशुवैद्याच्या सल्ल्याने उपचार जरूर करावेत. मात्र औषधानंतर ठरलेले दिवस उलटल्यावाचून ते पक्षी विकू नयेत.

या निगेला खर्च येतो आणि तो पालकाने एकट्याने सोसावा असे म्हणणे न्यायाचे नाही. आपण गिऱ्हाईक म्हणून केवळ भाव विचारतो. कोंबडी कशी वाढवली, हेही विचारू लागलो तर चांगल्या निगेला किंमत येईल. नाहीतर आज वाचवलेले चार पैसे उद्या रुग्णालयात, औषध लागू न पडल्यामुळे, आपल्यालाच भरावे लागतील.