विश्लेषण : इंटिग्रेशनमध्ये सब्स्टिट्यूशन कधी वापरायचे? मार्क कुठे जातात?

गिरगावच्या खोताच्या वाडीतल्या अरुंद गल्ल्यांत मोठी गाडी नेणे अवघड. ती बाहेर लावून आत चालत जाणे सोपे. बारावीच्या इंटिग्रेशनमधली सब्स्टिट्यूशन पद्धत अशीच आहे.

उदाहरण : ∫ २क्ष (क्ष² + १)⁵ डीक्ष. पाचवा घात विस्तारत बसले तर वेळ जातो. पण कंसातल्या क्ष² + १ चे डेरिव्हेटिव्ह, म्हणजे २क्ष, बाहेर तयारच आहे. हीच खूण. क्ष² + १ = य धरा; २क्ष डीक्ष = डीय. उरते ∫ य⁵ डीय = य⁶/६ + क.

मार्क जातात ते इथे : डीक्ष न बदलणे, स्थिरांक क विसरणे आणि उत्तर य मध्येच सोडणे. बाहेर लावलेली गाडी परत घ्यायचीच असते. म्हणून अंतिम उत्तर (क्ष² + १)⁶/६ + क. त्याचे डेरिव्हेटिव्ह काढा. मूळ उदाहरण मिळाले की उत्तर बरोबर.