खेळ हेही बाळाचे अन्नच

“वस्तीतल्या पोरांची बुद्धीच तेवढी,” असे म्हणणारे अजूनही भेटतात. हे धादांत खोटे आहे. बुद्धी जातीवर ठरत नाही की घराच्या पत्र्यावर. मात्र ती वाढायला खतपाणी लागते आणि तेही वेळेवर. दोन वर्षांच्या बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळजवळ पाऊणपट झालेला असतो. या वयात पोटाला अन्न लागते, तसे मेंदूला बोलणे, खेळणे आणि माया लागते.

याचा पुरावा जमैका देशात मिळाला. १९८६-८७ साली डॉ. सॅली ग्रँथॅम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांतली, उंची खुंटलेली १२९ बाळे निवडली. काहींना दर आठवड्याला एक किलो दुधाची पावडर दिली. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून तासभर जाई आणि बाळाशी कसे खेळायचे, कसे बोलायचे ते आईला दाखवी. काहींना दोन्ही मिळाले, तर काहींना यातले काहीच नाही. खेळणी टाकाऊ वस्तूंची होती. हे दोन वर्षे चालले.

सुरुवातीला दुधाचाही फायदा दिसला, पण बुद्धीवरचा तो परिणाम पुढे टिकला नाही. खेळाचा टिकला. खेळ मिळालेली मुले २२ वर्षांची झाली, तेव्हा त्यांची कमाई खेळ न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. पुढे हीच पद्धत ओडिशातल्या कटक शहराच्या वस्त्यांत वापरली. तिथल्याच बायका घरोघर गेल्या आणि मुलांची समज वाढलेली दिसली.

म्हणून पोषण आहार सोडायचा नाही, त्याला खेळाची जोड द्यायची. आई कामावर जात असेल, तर आजी, बाबा, मोठी ताई यांनी हे करावे:

• भाकरी करताना, अंघोळ घालताना बाळाशी बोला. त्याने आवाज काढला की उत्तर द्या.
• रिकाम्या बाटलीत खडे भरून खुळखुळा करा. झाकण पक्के चिकटवा. खडे तोंडात जाता कामा नयेत.
• वाटीत वाटी घालणे, चिंधीची बाहुली, जुन्या पुस्तकातली चित्रे, बडबडगीते, एवढे पुरे.
• दोन वर्षांखालच्या बाळाला मोबाइल देऊ नका. मोबाइल बाळाच्या बोलण्याला उत्तर देत नाही.
• चुकले म्हणून मारू नका. जमले की शाबासकी द्या.

वर्षाचे बाळ हाक मारल्यावर वळत नसेल किंवा दीड वर्षाचे होऊनही एकही शब्द बोलत नसेल, तर “होईल हळूहळू” म्हणून थांबू नका. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी मोफत होते. तो आपल्या लेकरांचा हक्क आहे.